हा कागद कोणाला दाखवणार?

गोंदियाच्या कोर्टासमोर आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. आता तिथं फोटो, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म असं सगळंच चालतं, पण तेव्हा एकच मशीन होतं आणि तेही उन्हाळ्यात तापून बसायचं. काउंटरवरून रस्त्यापलीकडं पाहिलं की टिनाचं शेड दिसायचं. शेडमध्ये चार टेबलं, चारही टेबलांवर नोटरीची पाटी. तीन टेबलांवर लोक यायचे, कागद पुढं करायचे, सही-शिक्का घेऊन जायचे. चौथ्या टेबलावर मात्र कायम काहीतरी हुज्जत चालू असायची. तिथं रामटेकेबाई बसायच्या.

उंच, हाडापेरानं मजबूत बाई. काळ्या कोटाचं मधलं बटण गेलेलं, ते मी ओळखायला लागल्यापासून शेवटपर्यंत गेलेलंच होतं. टेबलाच्या खणात फुटाण्याची पुडी आणि बाजूला पाण्याचा माठ. शिक्का मात्र टेबलावर कधी दिसायचा नाही. तो एका कापडी थैलीत, थैली जेवणाच्या पिशवीत, आणि पिशवी पायाशी. "शिक्का म्हणजे हळदकुंकू नव्हे, दिसेल त्याला लावायला," असं त्या म्हणायच्या, आणि हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की माझ्या पोरीनं ते पहिलीत असताना वर्गात बोलून दाखवलं होतं.

कागद हातात घ्यायच्या आधी बाई एकच विचारायच्या, "हा कागद कोणाला दाखवणार?"

लोकांना वाटायचं, ही बाई चौकशा करून राहिली. ते म्हणायचे, बस, नोटरी करून द्या. बाई फुटाणे खात बसून राहायच्या. मग माणूस नाइलाजानं सांगायचा, शाळेत द्यायचा आहे, बँकेत द्यायचा आहे, पोरगी मस्कतला नर्स म्हणून चालली, तिकडं पाठवायचा आहे. ते ऐकलं की बाईंचं खरं काम सुरू व्हायचं. शाळेत हा कागद लागतच नाही, हेडमास्तरला माझं नाव सांगा. बँकेला प्रतिज्ञापत्र नको, नुसती खरी प्रत पाहिजे. मस्कतच्या कागदावर माझा शिक्का म्हणजे फक्त पहिली पायरी, पुढं मुंबई आहे, दिल्ली आहे, वकिलात आहे. गोंदियाला गाडीत बसला म्हणून दिल्लीला पोचला असं समजू नका. हे सगळं त्या समोरच्याच्या बोलीत सांगायच्या. व्यापाऱ्याशी हिंदीत, खेड्यावरच्या माणसाशी आपल्या झाडीबोलीत, वकिलांशी कोर्टाच्या मराठीत. आणि एवढं ऐकून निम्मी माणसं कागद तसाच घेऊन वापस जायची.

बाईंचे टायपिस्ट कटरेभाऊ यावरून फार कुरकुर करायचे. पन्नाशीचा माणूस, पोवारी बोलणारा, मशीनवर बोटं अशी चालायची की आमच्या दुकानापर्यंत आवाज यायचा. "बाकीचे गिऱ्हाईक बोलावतेत, आमच्या बाई हाकलतेत," म्हणून ते आमच्याकडं चहा प्यायला आले की रडगाणं गायचे. पण दुसऱ्या टेबलावरून कोणी बोलावलं तर गेले नाहीत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "तिकडं टाइप केलेलं कोणी वाचत नाही. इकडं बाई वाचते. मन लागते कामात."

एक हिंदी बोलणारे शेठ आठवतात. कुडव्याकडं प्लॉट घ्यायला निघाले होते आणि सौदा स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी करायचा, म्हणजे झालं, असा त्यांचा हिशेब. बाई म्हणाल्या, जमीन नोटरीच्या टेबलावर हलत नाही, दुय्यम निबंधकाकडं जा, खरेदीखत नोंदवा. शेठ हसून म्हणाले, "मैडम, सब ऐसे ही करते हैं." बाई म्हणाल्या, "तो सबको मेरे पास भेजिए. एक-एक करके. मैं बैठी हूँ." शेठ तरातरा निघून गेले. पुढं कितीतरी वर्षांनी मी त्यांना पुन्हा त्या टेबलाशी पाहिलं, पोरीच्या नावाचा प्लॉट घेत होते आणि आधी बाईंना विचारायला आले होते. बाईंनी त्यांना तेव्हा ओळख दाखवली नाही. फुटाणे मात्र पुढं केले.

दुसरी एक गोष्ट तर मी रोज कोणाला ना कोणाला सांगते. एक निवृत्त माणूस मी जिवंत आहे असं प्रतिज्ञापत्र करून मागत होता, पेन्शनसाठी. बाईंनी नेहमीचं विचारलं, कोणाला दाखवणार? तो म्हणाला, बँकेच्या साहेबाला. बँक कुठं? तो म्हणाला, "हे काय, कोपऱ्यावर." बाईंनी खुर्चीतून वाकून कोपऱ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "भाऊ, मी कायले लिहू तुम्ही जिते आहात म्हणून? उठा अन् साहेबापुढं जाऊन उभे राहा. तुमच्याहून मोठा पुरावा मी कुठून आणू?" तो गेला. थोड्या वेळानं पेढे घेऊन आला, म्हणाला, साहेबांनी बसवून फॉर्म भरून घेतला.

आणि एक रीत होती, जी मला बाईंची सगळ्यात मोठी वाटते. कागद बरोबर असला तरी सही करणाऱ्याला त्या आधी म्हणायच्या, "आता यात काय लिहिलं ते आपल्या शब्दात सांगा. तोंडानं." कागद उलटा ठेवायचा, आणि सांगायचं. कुडव्याची एक बाई आली होती. तिच्या कागदावर लिहिलं होतं की नवरा सोडून गेला. तोंडानं सांगायला लागली तर म्हणाली, "सोडून नाही गेला जी. सुरतेले कामाले गेला. चिठ्ठी येत नाही, एवढंच." बाईंनी कटरेभाऊंना कागद पुन्हा टाइप करायला लावला. कामाला गेला आहे, ठावठिकाणा कळत नाही. पुढच्या दिवाळीत तो नवरा आला, हाताला पट्टी, कारखान्यात बोटं गेली होती. ती दोघं बाईंना भेटायला आली तेव्हा त्या बाईनं काय सांगितलं माहीत आहे? "बरं झालं, कागदावर खोटं नाही लिहिलं. नाही तर याच्या तोंडाकडं कशी पाहिली असती मी?"

आता आमची गोष्ट. तिच्यासाठीच तर लिहायला बसले.

मी केशोरीची. कापगत्यांची. आमच्या जातीच्या लोकांनी गावोगावी तलाव बांधले, ते ऐकतच मी मोठी झाले. माझा बा, म्हणजे माझे वडील, तलावाचं पाणी सोडायचं काम बघायचा. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आधी, कोणाच्या मागून, हे त्याच्या हातात. मी गोंदियाला खोली करून एका बालवाडीत शिकवत होते आणि कागद काढायला विलासच्या दुकानात जाता जाता काय झालं ते झालं. विलास गजभिये. बौद्ध. त्याच्या घरी काही अडचण नव्हती. त्याची माय मला बघून फक्त म्हणाली, स्वयंपाक येते का? माझ्या घरी मात्र बा होता, त्याच्यावर थोरला काका होता, आणि काकाच्या मागं अख्खी भावकी होती. लग्न केलं तर बा मला टाकेल, एवढीच भीती होती मला. पोलिसांची नाही, गावाची नाही. बा पुन्हा माझ्याकडं बघणार नाही याची.

जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता, कचेऱ्यांच्या पाट्यांना अजून रंगाचा वास येत होता. विलासच्या दुकानातून त्या काळात 'प्रेमविवाहाच्या' कागदांच्या प्रती ढीगभर निघायच्या. स्टॅम्पपेपर, वर दोघांचे फोटो, खाली, आम्ही राजीखुशीनं पती-पत्नी झालो आहोत, आणि नोटरीचा लाल शिक्का. दुसऱ्या टेबलांवर हे सर्रास व्हायचं. रोज ते बघून विलासला वाटायचं की लग्न असंच होतं. पण त्याला आपला कागद पक्का पाहिजे होता, म्हणून तो मला चौथ्या टेबलाशी घेऊन गेला.

बाईंनी आमच्याकडं पाहिलं. "कोणाला दाखवणार?"

विलास म्हणाला, "पोलिसाले. अन् हिच्या बाले."

बाईंनी फुटाण्याची पुडी बंद केली. "दिवसभर कागद छापतो अन् कागदाची किंमत समजत नाही तुले. लग्न कागदावर होत नाही, बाबू. लग्न झालं, त्याचा कागद होते. पोलिसाले दाखवायला हिचा शाळेचा दाखला पुरे, सज्ञान आहे पोरगी. लग्न विहारात लाव, चार माणसं बोलाव, फोटो काढ, भन्तेजींची सही घे, अन् नगरपरिषदेत नोंद कर. तो कागद आयुष्यभर चालते. हा शिक्का तुम्हाला नवरा-बायको नाही करणार, फक्त तुमची सही तुमचीच आहे एवढं सांगणार." मग त्या माझ्याकडं वळल्या. "अन् बापाले काय दाखवतेस?"

मी म्हटलं, "कागद दाखवला तर ते काही करू शकणार नाहीत ना?"

"काही करणार नाही. तुझ्याकडं पाहणारही नाही. तेच पाहिजे का तुले?"

मला रडू आलं. शेडमध्ये, सगळ्यांसमोर. खूप राग आला होता मला त्या बाईचा. दुसऱ्या टेबलावर गेलो असतो तर एव्हाना पेढे वाटले असते, असं विलास रस्ता ओलांडताना पुटपुटला आणि मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः दुकानात आल्या. म्हणाल्या, "रविवारी कोर्ट बंद राहते. सुनंदा, तू अन् मी केशोरीला जाऊ." विलास म्हणाला, मी पण येतो. तर म्हणाल्या, "तू दुकान सांभाळ. तुझी खिडकी अजून उघडली नाही, तुझं काम मागून."

गाडीनं अर्जुनीपर्यंत आणि तिथून काळ्यापिवळ्या जीपमध्ये कोंबून केशोरी. सगळ्या रस्त्यात बाईंनी मला धीराचं एक अक्षर ऐकवलं नाही. धान कसं आहे, कोणत्या तलावात मासळी चांगली निघते, हेच. मी मनातल्या मनात बापुढं बोलायची वाक्यं जोडत होते आणि ती मोडत होती.

त्या साली पाऊस लवकर थांबला होता आणि तलावाचं पाणी सोडायची वेळ आली होती. आम्ही पोचलो तेव्हा बा घरी नव्हता, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर होता. पाणी सोडायच्या आधी आमच्या गावात सगळे तलावाच्या पाळीवर बसतात, कोणाची बांधी आधी, कोणाची नंतर हे ठरवतात, ते कागदावर लिहितात, आणि पाणी सोडणाऱ्याची त्यावर सही घेतात. तेच चाललं होतं. बानं सही केली, कागद घडी करून खिशात घातला. कागद दिसला की बाईंना राहवलं नाही. ओळख ना पाळख, त्यांनी विचारलं, "भाऊ, हा कागद कोणाला दाखवणार?"

बानं आधी मला पाहिलं, मग बाईंना. "मलेच," तो म्हणाला. "आता सारे राजी आहेत. पन धान सुकाले लागला का माझेच भाऊ रात्री येतेत, आमची बांधी आधी भिजव मनतेत. तवा माझं मन फिरते, बाई. म्हणून आधीच लिहून ठेवतो."

बाईंनी मान हलवली. मला वाटतं, त्या दिवशी एवढ्या लांबून येऊन त्यांना पहिल्यांदा बरं वाटलं असेल.

घरी मायनं बाईंना पाणी दिलं. बाईंनी आपलं नाव, गाव, जात, काम सगळं आधीच सांगून टाकलं होतं, बाईही विलाससारख्याच बौद्ध, म्हणून मायचा हात जरा अडखळला, पण घरातल्या रोजच्याच गडव्यातून, म्हणजे तांब्यातून दिलं. बाईंनी पाणी पिऊन मग विषय काढला. आडवळण नाही, काही नाही. पोरगी मोठी आहे, पोरगा चांगला आहे, दुकान आहे, व्यसन नाही, मी रोज बघते. लग्न विहारात होईल. तुम्हाला सांगायला आले.

बानं खांद्यावरचा दुपट्टा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "लग्नाच्या आड मी येत नाही. पोरगीनं ठरवलं तं ठरवलं. पन मी तिच्या घरी जानार नाही, बाई. तिथं पानी पेनार नाही. मले भावकीत राहाचं हाये."

मी डोळे मिटून घेतले. हेच व्हायचं होतं. बाई वाद घालतील असं मला वाटलं, कायदा सांगतील, समता सांगतील. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, भाऊ. माझ्याकडं जो येते त्याले मी त्याच्या शब्दात तोंडानं बोलायला लावते. हे मले नका सांगू. पोरीकडं पाहून पोरीले सांगा."

बानं माझ्याकडं पाहिलं. तोंड उघडलं. मी त्याच्याकडं पाहत होते.  तो उठला, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि, "पानी पाहून येतो," म्हणून पाळीकडं निघून गेला. आम्ही निघेपर्यंत तो आला नाही. काळ्यापिवळ्यात बसताना बाई म्हणाल्या, "नाही म्हणता आलं नाही त्याले. आज एवढंच घेऊन जाऊ." मला वाटलं, यात घेऊन जाण्यासारखं काय आहे? मी खिडकीकडं तोंड करून बसले.

लग्नाची तयारी सुरू झाली. माझ्याकडून कोणीच नव्हतं. मी दुकानात मशीनमागं बसून कागदाची रिमं सोडत होते आणि एके दिवशी दुपारी रस्त्यापलीकडं चौथ्या टेबलाशी दुपट्टा दिसला. बा होता. हातात स्टॅम्पपेपर. कटरेभाऊ टाइप करत होते, बा बोलत होता, बाई ऐकत होत्या.  विलासनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही दोघं तिथूनच पाहत राहिलो.

काय बोलणं झालं ते मला नंतर कटरेभाऊंनी सांगितलं. बा म्हणाला होता, मले लिहून द्याचं हाये. बाईंनी विचारलं, काय? तो म्हणाला, मी माझ्या पोरीच्या लग्नाले जाईन, तिच्या घरी जाईन, तिथं जेवीन अन् पानी पेईन, भावकीनं काही म्हटलं तरी. बाई म्हणाल्या, "भाऊ, या कागदाला कुठंच किंमत नाही. कोणत्याच कचेरीत चालणार नाही. हा कोणाला दाखवणार?" बा म्हणाला, "मलेच." बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. 

मग त्यांनी बाला सांगितलं, मतदान कार्डाची झेरॉक्स लागते, आणि या कागदाचीही एक प्रत मला पाहिजे. समोर दुकान आहे. त्या शेडमागंही एक झेरॉक्सवाला होता, जवळच. बाईंनी बाला रस्ता ओलांडायला लावला.

बा काउंटरशी आला. कार्ड ठेवलं, कागद ठेवला. "दोन झेरॉक्स," म्हणाला. त्यानं विलासला ओळखलं होतं का नाही, देव जाणे. विलासनं कागद काचेवर ठेवायला घेतला आणि त्याची नजर मजकुरावर पडली. त्याचे हात थांबले. मशीनचा दिवा लागला आणि गेला. विलासनं दोन्ही प्रती समोर ठेवल्या, आणि त्याला काही सुचेना, तर म्हणाला, "ऊन फार आहे. बसा." बानं मशीनमागं मला पाहिलं.  मग विलासकडं वळून म्हणाला, "पानी हाये का, बाबू?"

मीच दिलं. ग्लास पुढं करताना थोडं पाणी कार्डावर सांडलं. बानं उभ्यानं पूर्ण ग्लास संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "थंड हाये." तेवढंच. मग रस्ता ओलांडून गेला.

बाईंनी पलीकडून सगळं पाहिलं होतं. बा पोचल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, आता शिक्का कायले? काम तर झालं." बा म्हणाला, "मारा. उद्याचं काय सांगता येते." मग बाईंनी पायाशी वाकून पिशवी काढली, पिशवीतून थैली काढली, आणि ज्या कागदाला कुठंच किंमत नव्हती त्याच्यावर नीट दाबून शिक्का मारला.

लग्नाला बा आला. पुढं त्या कागदाचं काम लागलं. माझ्या पोरीच्या नामकरणाला बा यायचा होता आणि आला नाही. सगळे जेवून गेले. मी मायला फोन लावला, ती रडत होती, काकानं फार बोल लावले म्हणून. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं बा दारात उभा, एका हातात नव्या तांदळाची पिशवी. "मन फिरलं होतं," म्हणाला. "पेटी उघडून कागद वाचला." नातीला मांडीवर घेऊन आधी पाणी मागितलं. तेव्हापासून तो दर सुगीला यायचा, आणि गोंदियात आला की आधी बाईंच्या टेबलाशी जाऊन माठातलं पाणी प्यायचा, मग आमच्याकडं.

आमची नोंदणी बाईंनी सांगितली तशीच झाली. विहार, फोटो, साक्षीदार, नगरपरिषद. साक्षीदारात एक सही बाईंची आहे. पुढं पोरीच्या शाळेत, घरकर्जाला, विलासच्या आजारपणात, जिथं जिथं तो दाखला मागितला तिथं तिथं तो चालला. त्याच सुमाराला शंभराच्या स्टॅम्पवर लग्न केलेल्या दोन-तीन पोरी दुकानात रडताना पाहिल्या आहेत मी. त्यांना घेऊन मी रस्ता ओलांडायची. बाई त्यांना कधी बोलल्या नाहीत की चुकलं. "चला, आता खरं लग्न लावू," म्हणायच्या.

पुढं सरकारनं बऱ्याच कामांना स्वयंघोषणा चालेल असं केलं आणि शेडमधली गर्दी ओसरली. कटरेभाऊ म्हणाले, धंदा बुडाला. बाई म्हणाल्या, "लोकांचं बोलणं लोकांच्या सहीवर चालू लागलं. आणखी काय पाहिजे?" मग गुडघे गेले त्यांचे. टेबल आवरलं. फुलचूरला घरी असायच्या. मी जायची अधूनमधून, फुटाणे घेऊन. मी त्यांचे कधी नीट आभार मानले नाहीत, कारण मानायला गेलं की त्या विषय बदलायच्या. आता म्हणते. माझा बा मला राहिला तो त्या बाईंमुळं. एवढं मोठं देणं मला कोणी दिलं नाही.

शेवटचं भेटलो तेव्हा बा पण सोबत होता. म्हातारा झालेला, एका हाताला काठी, दुसरा हात माझ्या पोरीच्या खांद्यावर. पोरगी कॉलेजात जायला लागली होती. बाई पलंगावर उशीला टेकून होत्या, चष्मा तोच. बोलता बोलता त्यांनी बाला विचारलं, "भाऊ, तो कागद आहे का अजून? की लॅमिनेशन करून घेतलं जावयाकडून?"

बानं मान हलवली. "हारपला, बाई. जुनं घर पाडून नवीन बांधलं तवा पेटी इकडची तिकडं झाली. कवा हारपला तेही मालूम नाही."

मला धक्काच बसला. मला वाटायचं, तो कागद पेटीत आहे म्हणून बा येतो.

"शोधला नाही?" बाईंनी विचारलं.

"कायले?" बा म्हणाला. "आता कोनाले दाखवाचा हाये?"

 बाई पलंगाच्या कडेला हात टेकवून उठायला लागल्या. मी म्हटलं, बाई, बसा, काय पाहिजे ते मी आणते. त्यांनी मला हातानं बाजूला केलं, भिंत धरत आत गेल्या, आणि पाण्याचा गडवा भरून स्वतः घेऊन आल्या. वाटेत थोडं सांडलं. बानं दोन्ही हातांनी घेतला आणि सगळा संपवला.